मिटता चाकू आणि उघडी सुरी : विदर्भातील शिकारीच्या एका अवजाराचा शब्देतिहास

मध्यप्रांतातील शिकारीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात जे विपुल लेखन झाले, त्यात बंदुकीला पहिले स्थान आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ मुलुखावरील ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच त्यांनी शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. स्टर्नडेल यांचे सातपुड्यातील सिवनीवरील पुस्तक १८७७ चे आणि डनबार ब्रँडर यांचे मध्य हिंदुस्थानातील वन्य प्राण्यांवरील १९२३ चे. नळीचा व्यास, दारूचे वजन, गोळीचा आकार यांची चर्चा या परंपरेत बारकाईने होत राहिली. गोळी लागून जनावर पडल्यानंतर मात्र कथन बहुधा एका वाक्यात आटोपते : कातडे काढले गेले. ते कोणी काढले आणि कशाने काढले, याचा उलगडा कर्मणी प्रयोगाच्या आड राहतो. या प्रयोगात कर्ता आणि करण ही दोन्ही कारके गळतात, हे व्याकरणाच्या अभ्यासकास सांगावयास नको.

प्रस्तुत निबंधाचा विषय हे गळलेले करण होय. शिकारीचे कातडे काढण्यासाठी परवडेल असा मिटता चाकू कोणता घ्यावा, हा प्रश्न इंग्लंड-अमेरिकेतील शिकाऱ्याला स्वाभाविक वाटतो. विदर्भाच्या रानात तो त्या रूपात उभाच राहिला नाही. चाकू विकत घेणारा आणि कातडे सोलणारा ही येथे दोन वेगळी माणसे होती. या वेगळेपणाची खूण भाषेतही उरली आहे.

मराठीत या कामाच्या पात्याला दोन शब्द आहेत, सुरी आणि चाकू. पैकी सुरी हा घरचा शब्द होय. संस्कृत ‘क्षुर’ म्हणजे वस्तरा. त्यापासून क्षुरिका, पुढे छुरिका, आणि मराठीत सुरी. हिंदीत ज्या ठिकाणी ‘छ’ टिकतो त्या ठिकाणी मराठीत ‘स’ येतो, हा नियम झ्यूल ब्लॉक यांच्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथापासून सर्वांच्या परिचयाचा आहे. हिंदी छुरी, मराठी सुरी. हिंदी छाल, मराठी साल. हिंदी छोलना, मराठी सोलणे. पाते, त्याने निघणारे आवरण आणि ते काढण्याची क्रिया हे तिन्ही शब्द एकाच ध्वनिपरिवर्तनातून गेलेले आहेत. म्हणजे ते तिन्ही या भाषेत मुळापासून नांदत होते. कातडे या शब्दाची कथाही हेच सांगते. त्याचे मूळ वैदिक ‘कृत्ति’ या शब्दात असून तो ‘कृत्’, म्हणजे कापणे, या धातूपासून बनला आहे. साप टाकतो ती कात आणि शिंप्याच्या हातातील कातर या एकाच कुळातल्या. कापून वेगळे होते ते कातडे, अशी ही जुनी समजूत आहे. तिच्यात पाते गृहीतच धरलेले आहे.

वस्तूचा पुरावा शब्दांहून जुना आहे. नागपूरच्या परिसरातील शिळावर्तुळांच्या उत्खननांत टाकळघाट-खापा येथे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने, आणि पुढील दशकात माहुरझरी व नैकुंड येथे झालेल्या कामात, लोखंडाच्या चपट्या कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी आणि घोड्यांचे लगाम मोठ्या प्रमाणात मिळाले. नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. डॉ. शां. भा. देव यांच्या या संशोधनाने विदर्भातील लोहकर्म इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे गेले. त्या पात्यांना त्यांचे वापरणारे काय म्हणत, हे कळण्यास अर्थातच मार्ग नाही. पण पाते मुठीत पक्के बसवण्याची रीत तेव्हापासून चालत आली आणि सुरीच्या बाबतीत ती कधी मोडली नाही.

शिकार या क्रियेच्या नावाचाही येथे विचार केला पाहिजे, कारण त्यातही देशी आणि फारसी अशी जोडी आहे. जैन संस्कृतातील ‘पापर्द्धि’ आणि प्राकृत ‘पारद्धि’ यांच्याशी जोडला जाणारा ‘पारध’ हा शब्द मराठीत जुना आहे. लीळाचरित्रात पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळालेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयास येतो आणि त्यांच्या शब्दाखातर सुटतो, ही लीळा सर्वश्रुत आहे. फारसी ‘शिकार’ दरबारी भाषेबरोबर आली आणि दोन्ही शब्द पुढे शेजारी शेजारी राहिले. मात्र त्यांचे हुद्दे सारखे राहिले नाहीत. शिकारी हा छंद असलेला माणूस झाला आणि पारधी ही जात झाली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ मधील मध्यप्रांताच्या जातिजमातींवरील ग्रंथात फासे टाकून काळवीट आणि पक्षी धरणाऱ्या पारध्यांची माहिती आहे, तशीच जात्याला टाकी लावून पोट भरणाऱ्या टाकणकारांचीही. रानाची सर्वांत सूक्ष्म जाण असलेल्या या समाजाच्या काही गटांवर ‘गुन्हेगार जमाती’ हा शिक्का बसला. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेली ती व्यवस्था १९५२ मध्ये रद्द झाली. त्याच काळात परवान्याने शिकार करणारा साहेब मात्र ‘शिकारी’ म्हणून ग्रंथकार झाला.

आता चाकूकडे वळावे. तुर्की भाषेत ‘चाकी’ म्हणजे खिशात ठेवावयाचे मिटते पाते. तो शब्द फारसीत ‘चाकू’ झाला आणि फारसीमार्गे हिंदुस्थानी भाषांत उतरला. त्या तुर्की शब्दाचे मूळ ‘आघात करणे, ठिणगी पाडणे’ या अर्थाच्या धातूशी जोडण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. त्याच धातूचा दुसरा वंशज मराठीत आहे, तो म्हणजे चकमक. गारगोटी आणि पाते ही प्रवाशाच्या कमरेच्या पिशवीतील दोन चिजा दोन वेगळ्या वाटांनी येऊन मराठीत पुन्हा शेजारी बसल्या, ही गोष्ट मौजेची आहे. पाते खिळ्यावर फिरवण्याची कल्पना मराठी घराला परकी नव्हती. अडकित्त्यात ती होतीच, आणि कानडी ‘अडके’ म्हणजे सुपारी हे ध्यानात घेतले की त्याचे माहेरही कळते. पण फिरते पाते मुठीतच मिटवून धार झाकण्याची युक्ती आली ती नाव घेऊनच आली.

महाराष्ट्रात हा चाकू रुळला तो मुख्यत्वे लेखणीच्या संगतीने. बोरू तासण्यास आणि त्याचे टोक तिरपे छाटण्यास लहान, पातळ, तीक्ष्ण आणि मिटणारे पाते लागे. फारसीत या कामाच्या चाकूला ‘कलमतराश’ असे नावच आहे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या दौतीशेजारी ते पाते असे. म्हणजे जो शब्द पुढे शिकाऱ्याच्या चाकूला लागला, त्याचे मराठीतील शिक्षण कचेरीत झाले होते. सुरी, सुरा, कोयता, विळा ही नावे स्वयंपाकघर, खाटकाचे दुकान आणि शेत यांची; चाकू हे नाव दप्तराचे. या फरकाचे महत्त्व पुढे कळेल.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोहोचली. त्यानंतर विलायती मालाचा ओघ मध्यप्रांतात सुरू झाला. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांचा तारा आणि माल्टीज क्रूस असे चिन्ह असलेला चाकू हिंदुस्थानात प्रसिद्ध होता. जर्मनीतील झोलिंगेनचा माल पुढे त्याच्याशी स्पर्धा करू लागला. १८९१ मध्ये मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा निघाल्यावर छावणीतील अधिकाऱ्याला पेटारा, कंदील आणि चाकू एकाच सूचिपत्रातून मागवता येऊ लागले. पंजाबात वझीराबाद आणि निजामाबाद येथे, तसेच उत्तरेत रामपुरास, देशी कारागीर मिटते चाकू करीतच होते. ‘परवडणारा चाकू’ ही संकल्पना या बाजारात जन्मली. तो परवडणे न परवडणे हा प्रश्न ग्राहकाचा होता. आणि मध्यप्रांताच्या रानातील हा ग्राहक कातडे स्वतः क्वचितच सोले.

हे समजण्यासाठी त्या कामाचे स्वरूप पाहिले पाहिजे. चैत्र-वैशाखात चंद्रपूर-भंडाऱ्याकडे उष्णता अशी असते की मेलेल्या जनावराच्या कातड्यावरील केस काही तासांतच सुटू लागतात. पोटाकडचा भाग प्रथम बिघडतो. म्हणून सांबर असो वा वाघ, कातडे त्याच दिवशी निघावे लागे आणि लगेच मीठ, तुरटी वा राख चोळून सावलीत ताणावे लागे. पहिला छेद हनुवटीपासून शेपटीपर्यंत पोटाच्या मध्यरेषेवर घ्यावयाचा, तोही धार वर धरून आतून बाहेर, म्हणजे पोटाची पिशवी फुटत नाही आणि केसही चिरले जात नाहीत. नंतर चारही पायांच्या आतील बाजूने छेद. येथून पुढे पात्याचे काम कमी आणि मुठीचे व अंगठ्याचे अधिक : कातडे मांसापासून ढकलून सोडवावयाचे आणि जेथे पांढरा पडदा धरून राहील तेथेच पाते लावावयाचे. कान, ओठ, पापण्या आणि पंजे ही कसोटीची ठिकाणे. रोलंड वॉर्ड यांनी १८८० मध्ये शिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत नमुने जतन करण्याची सविस्तर माहिती आहे. परंतु पुस्तकी माहितीवर पंज्याची बोटे सुटत नाहीत.

या कामास तीन-चार इंच लांबीचे, पोटाकडे गोलसर वळलेले, फार जाड नसलेले पाते पुरते. लांब पाते शोभेचे. मिटता चाकू येथे कोठे उणा पडतो हे उघड आहे. रक्त आणि चरबी मुठीच्या खाचेत व खिळ्याच्या भोवती साठते. ती धुतली गेली नाही तर दुसऱ्या दिवशी तेथे गंज धरतो आणि दुर्गंधी येते. बाहेरची पाठ पुसता येते, आतली खाच पुसता येत नाही. शिवाय जुन्या विलायती चाकूंपैकी बहुतेकांत पाते उघडे राही ते केवळ पाठीच्या कमानीच्या दाबाने. टोक अडकून उलटा जोर बसला की ते बोटावर मिटे, आणि चरबीने निसरड्या झालेल्या हातात असा चाकू म्हणजे अपघाताला आमंत्रण. न गंजणारे पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सिद्ध केले, तरी खाचेतील चरबीचा प्रश्न धातू बदलून सुटणारा नव्हता. म्हणून स्वस्त मिटता चाकू निवडावयाचाच झाला, तर पात्याच्या चकाकीकडे न पाहता तीन गोष्टी पाहाव्या लागत : उघडल्यावर खिळ्यापाशी पाते डावी-उजवीकडे हलते काय, खाच आरपार मोकळी असून पाण्याने धुता येते काय, आणि धार गावातल्या निसण्यावर लागते काय. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका मोठ्या सांबराच्या कातड्यात धार दोन-तीन वेळा तरी उतरते, आणि जे पोलाद नदीच्या दगडावर पाजळत नाही ते रानात निरुपयोगी. ‘पाजळणे’ हे क्रियापद दिव्यालाही चालते आणि पात्यालाही. मूळ ‘प्रज्वल्’, उजळणे. धार लागली की लोखंड चमकते, एवढेच पाहून भाषेने दोन्हींना एक शब्द दिला.

गावातील सोलणाऱ्याच्या हाती असे ती लोहाराने वा फिरत्या घिसाड्याने घडवलेली उघडी सुरी. लाकडी वा शिंगाची मूठ, तीत गरम करून ठोकलेले पाते, आणि बेताचे पाणी. पाणी जास्त झाले की धार तुटते, कमी झाले की वळते. लोहाराची सारी कीर्ती या बेतावर अवलंबून. मोटारी आल्यानंतर मोडलेल्या कमानपाट्यांचे तुकडे हे त्याचे पोलाद झाले आणि आजही गावोगावच्या लोहारशाळेत ते तसेच आहे. या सुरीला सूचिपत्रातील किंमत नव्हती. अनेक गावांत ती बलुत्याच्या धान्यात मोडे. झिजली की त्याच भट्टीत परत जाई. परवडण्याचा प्रश्न येथे विकत घेण्याचा नसून दुरुस्तीचा होता.

ही सुरी धरणारा कोण, हा निबंधाचा कठीण भाग आहे. साहेबाच्या छावणीत कातडे काढण्यास बहुधा गोंड वा पारधी वाटाड्या, नाहीतर गावातील महार किंवा चांभार बोलावला जाई. कौशल्य त्याचे, बक्षीस हातावर ठेवलेले, आणि नाव कोठेच नाही. साहेबांच्या लेखनात त्याची नोंद होते ती तक्रारीच्या रूपाने : वाघाच्या मिशा कोणी उपटून नेल्या, खांद्याच्या स्नायूत सुटी असणारी गळपट्टीची लहान हाडे ताईतासाठी कोणी लांबवली. सोलणारा चोर म्हणून तेवढा दिसतो. आज त्या कौशल्याचे शब्द हरवत चालले म्हणून हळहळणे सोपे आहे, आणि भाषाशास्त्रज्ञाला ते विशेष सोपे. परंतु गावचे मेलेले ढोर ओढणे आणि सोलणे हे काम जातीने लादलेले होते. १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्या चळवळीत विदर्भातील असंख्य घरांनी ती सुरी ठरवून खाली ठेवली. त्या सुरीबरोबर काही शब्दही खाली ठेवले गेले असतील, तर ते शब्द विस्मृतीने गेले नाहीत. ते टाकण्यात आले. कोशकाराने दोन्ही प्रकारच्या लोपांना एकच खूण लावणे चुकीचे होईल.

कोशांची स्थिती पाहता ही खूण लावण्याची वेळही क्वचितच येते. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून सात विभागांत सिद्ध झाला. दोन्ही थोर कामे; पण दोन्हींचा पाया मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राची बोली आणि लिखित वाङ्मय यांवर आहे. बोरूच्या चाकूला त्या पायात हक्काची जागा होती. वैनगंगेकाठी रोही वा भेकर सोलणाऱ्याच्या बोलीला ती मिळणे कठीण होते. शब्दाचे शिक्षण कचेरीत झाले की त्याची नोंद लवकर होते, हा चाकू आणि सुरी यांच्यातील खरा फरक.

कायद्यानेही मिटत्या पात्याचे भवितव्य काही अंशी ठरवले. १८७८ च्या हत्यार कायद्यानंतर तलवार, कट्यार बाळगण्यावर निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आणि १९६२ चे नियम झाले. त्या नियमांत नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पाते हत्यारांत मोडे. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगासाठी केलेली पाती वगळलेली होती. म्हणजे हत्यार आणि अवजार यांतील जी सीमा बोलीला पूर्वीपासून ठाऊक होती, तीच नियमाने इंचांत मोजली. कातड्याची तीन-चार इंची सुरी या मापाने निर्वेध होती. पण लोकांच्या मनात कलंक लागला तो मिटत्या चाकूलाच. ‘रामपुरी’ आणि ‘खटक्याचा चाकू’ हे शब्द शहरी मराठीत गुंडगिरीचे निदर्शक झाले, आणि हिंदी चित्रपटांनी त्यास हातभार लावला. खिशात धार लपवता येते हा जो गुण कारकुनाच्या सोयीचा होता, तोच संशयाचा झाला.

दरम्यान मिटत्या चाकूतील मूळ दोष बाहेरच्या देशांत दूर होत होता. फ्रान्सच्या सव्हॉय भागातील ओपिनेल या स्वस्त, लाकडी मुठीच्या चाकूला १९५५ मध्ये पाते जागीच अडकवणारे फिरते कडे बसले. ते लाकूड भिजले की फुगते व पाते घट्ट बसते, ही उणीव मात्र राहिली. १९६४ मध्ये अमेरिकेत बक यांचा ११० क्रमांकाचा चाकू आला. त्याचे जाड पाते पाठीकडील अडणीने पक्के उघडे राही, आणि शिकाऱ्यांच्या कमरेला मिटता चाकू प्रथमच विश्वासाने लटकू लागला. कातडे सोलण्यास मिटता चाकू चालेल काय, या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर असे मिळाले. विदर्भाला ते मिळाले तेव्हा येथे प्रश्नच संपत आला होता. ताडोबात शिकारबंदी १९३५ पासून होती आणि १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली १९७० मध्ये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे उरलेले मार्ग आवळले आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपुष्टात आणले.

आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, १८६३ मध्ये स्थापन झालेल्या अजब बंगल्यात, पेंढा भरलेली जनावरे एका दालनात आणि शस्त्रे दुसऱ्या दालनात आहेत. या दोन दालनांमध्ये ज्या पात्याची जागा असावयास हवी ते तेथे शोधावे लागते. कट्यार शस्त्र म्हणून जपली जाते, वाघ वाघ म्हणून. सुरी अवजार असल्याने भट्टीत परत गेली. धार लावण्याचे, पाणी देण्याचे आणि सोलण्याचे जे शब्द उरले आहेत ते बकऱ्याच्या मांसाच्या दुकानांत, लोहारांच्या घरांत आणि वृद्ध वाटाड्यांच्या तोंडी आहेत. तेथे जाऊन ते टिपणे शक्य आहे, मात्र टिपणाऱ्याने शब्दाबरोबर तो कोणी, कोणत्या कामात आणि कोणाच्या सांगण्यावरून वापरला हेही लिहून घेतले पाहिजे.

रानात वाघ मेला तर आता त्याचे शवविच्छेदन पशुवैद्यकाच्या हातून होते. पाते लागते तेवढेच. नंतर कातडे, नखे, मिशा आणि खांद्यातील ती दोन लहान हाडेसुद्धा शरीरासह, अधिकाऱ्यांच्या समक्ष, पंचनाम्यात नोंद करून जाळण्यात येतात.